हिरवी वायर

सासूबाईंनी ओल्या फडक्याने कॉम्प्युटरचा डबा पुसला आणि हात झटकन मागे घेतला. बोटांना मुंग्या डसल्यासारखं झालं.

“वय झालं, आई,” मुलगा म्हणाला.

“वय माझं झालंय, डब्याचं नाही. वायरमनला बोलाव.”

समोरच्या खोलीत आठ कॉम्प्युटर ओळीने मांडले होते. उद्यापासून सुनेचा क्लास; आठ मुली येणार होत्या. चपला दाराबाहेर, हा सासूबाईंचा कायदा. सून तेवढी घरात रबरी सपाता घालायची आणि रोज बोलणी खायची. आज तर सासूबाईंनी त्या उचलून सरळ अंगणात भिरकावल्या होत्या.

वायरमनने बोर्डातल्या हिरव्या वायरीचा माग काढला. ती मोरीतल्या नळाला आवळून बांधली होती.

“ही अर्थिंगची. डब्यात उतरलेला करंट हिच्यातून जमिनीत जायला हवा. लोखंडी पाइप जमिनीत जातो म्हणून कुणीतरी नळाला बांधली. पण भिंतीमागे तर प्लास्टिकचा पाइप आहे! बदलला कुणी?”

मुलगा आईकडे बघायला लागला.

“मी बदलला,” सासूबाई म्हणाल्या. “गंजाचं पाणी पाजू घरादाराला?”

“पाणी सुधारलं, काकू, पण करंटची वाट बंद झाली. आज मुंग्यांवर भागलं. उद्या एखादा डबा आतून बिघडला आणि अनवाणी पोरीने हात लावला, तर जीवच जायचा.”

सासूबाईंनी सुनेच्या पायांकडे पाहिलं. मग त्या अंगणात गेल्या, सपाता शोधून आणल्या आणि तिच्या पुढ्यात टाकल्या.

“घाल.”

दुपारभर परसात खड्डा खणला. त्यात तांब्याचा पत्रा, मीठ, कोळसा, वरून पाणी. हिरवी वायर तिथे जोडली. वायरमनने बल्बचं एक टोक करंटला लावलं, दुसरं हिरव्या वायरीला. बल्ब लख्ख पेटला.

“पेटला म्हणजे करंटला जमिनीची वाट मिळाली. आता बिनघोर हात लावा, काकू.”

मुलगा पुढे सरसावला. सासूबाईंनी त्याला कोपराने मागे ढकललं आणि स्वतःचा तळवा डब्यावर सपाट टेकवला. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. आठव्यावर हात तसाच ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

सून दारात उभी होती.

“बघतेस काय? काढ त्या. माझ्या घरात चपला चालत नाहीत.”

तिने काढल्या. सासूबाई उठल्या, सपाता उचलून नेल्या आणि उंबऱ्याबाहेर जोडीने नीट लावून ठेवल्या.