फुंकर

शिवकांता सिस्टरने सुई भरली, तसा हमिदाबीने सुनेचा दंड तळव्याने झाकला.

"थांबा. पोटुशीला टोचून पोटातल्याला काय फायदा? उगं कायतरी."

तुळजापूरच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात शिवकांताने असे हात पुष्कळदा बाजूला केले होते. ती चिडली नाही. उम्मेहानीला चौतिसावा आठवडा लागला होता. श्वासाच्या विषाणूवरची ही लस आणखी लांबवली तर उशीर होणार होता.

"आजी, हिच्या रक्तातनं ताकद बाळाला जाती. जन्मल्यावर पयले काही म्हयने तीच त्याला सांभाळती. पन जन्माआधी दोन आठवडे तरी मिळाय पायजेत."

"आमच्या बाळांना दुवा हाय," हमिदाबी म्हणाली.

ते खोटं नव्हतं. त्यांच्या अणदूर गावात कुणाचंही लेकरू किरकिरलं की आधी तिच्याकडे आणत. ती कुराणातली आयत पुटपुटायची आणि बाळाच्या तोंडावर हलकीशी फुंकर घालायची. हमिदाबीच्या फुंकरीला गुण आहे, असं गाव म्हणे.

"पयल्या नातीवर तर म्या रोज सांजच्याला..." पहिली नात सव्वीस दिवसांची होऊन गेली होती. ऐन थंडीत, सोलापूरच्या दवाखान्यात, श्वासासाठी धडपडत. बाळंतिणीचे चाळीस दिवसही भरले नव्हते.

शिवकांताने कागद पुढे ओढला. विचारायचं असतं म्हणून विचारलं, "तवा घरात कुनाला सर्दी-खोकला व्हता का?"

"मलाच की. साधी सर्दी. चार दिसांत गेली."

शिवकांताचा पेन थांबला. विषय बदलावा, असं तिला क्षणभर वाटलं. पण दुसरं बाळ यायचं होतं.

"आजी, मोठ्या मानसाला ह्या विषाणूनं साधी सर्दीच हुती. तान्ह्याच्या मात्र छातीत उतरतो. शिंकेतनं जातो, श्वासातनं जातो. दुवा करा तुमी, कोन नगं म्हनतंय? फक्त दुरून करा."

हमिदाबीला शाळा ठाऊक नव्हती, पण एवढं समजायला शाळा लागत नाही. दंडावरचा हात आपोआप निघाला आणि ती भिंतीला टेकली.

"टोचा," ती म्हणाली.

उम्मेहानीने डोळेसुद्धा मिटले नाहीत. शिवकांता कापूस दाबून, कागद घेऊन बाहेर गेली. आत सासू-सुना दोघीच राहिल्या.

हमिदाबीने पदर तोंडावर दाबून धरला. "हानी, म्या मारलं गं तिला."

"न्हाय, अम्मा. आजारानं मारलं."

"तुला काय म्हाईत!"

"हाय म्हाईत. घरातल्या मोठ्याची सर्दी तिच्या छातीत उतरली, असं सोलापूरच्या डाक्टरनं तवाच सांगितलं मला."

हमिदाबीच्या तोंडावरचा पदर खाली आला. "तीन वर्सं झाली. मुजीबला म्हाईत हाय?"

"तुमच्या लेकाला न्हाय, कुनालाच न्हाय."

"मंग बोलायचं की गं! शिव्या घालायच्या. तोंडावर थुकायचं माझ्या!"

उम्मेहानीने बाही खाली ओढली. तिची शिवण बोटाने सरळ केली.

"त्या म्हयन्यात बोलले असते, अम्मा, तर आपल्या घरातनं दोन जनाजे गेले असते."