ओट्यावरची भिंत

माझी बायको भागी गेल्याचा फोन नाशिकच्या दवाखान्यातून मुलानं केला, तेव्हा मी घराच्या बाहेरच्या भेगा सिमेंटनं भरत होतो. ती बरी होऊन येईल तेव्हा घर रंगवलेलं दिसावं, एवढंच मनात होतं. "नवं प्लास्टर एक उन्हाळा सुकू दे, मगच रंग," असं साखरशेतचा रंगारी तुळशीदास आम्हाला म्हणाला होता. "तवर मी म्हातारी होईन की रे," असं म्हणून भागी हसली होती.

दिवसकार्य झाल्यावर तुळशीदास रंग घेऊन आला. तीन भिंती त्यानं संपवल्या आणि ओट्यावरच्या भिंतीपाशी थांबला.

"मामा, हा काळा डाग कसला?"

"तुझी मामी रोज संध्याकाळी इथं डोकं टेकून बसायची. तिच्या केसांचं तेल आहे ते."

त्यानं डागावरून बोट फिरवून पाहिलं.

"तेलावर रंग धरत नाय, मामा. पत्र्यानं खरवडावा लागेल."

"मग ही भिंत राहू दे."

"राहू दिली तर पाऊस हिच्यावरच झोडपणार. प्लास्टर पाणी पिऊन फुगेल, आणि डागासकट खाली येईल. मग काय करशील?"

तो ब्रश धुऊन घरी गेला.

आता डोंगरावर ढग आले आहेत, आणि ती एक भिंत रंगवायची राहिली आहे.