पेल्यातलं पातं

बाबांच्या हातात वस्तू म्हातारी व्हायची, मरायची नाही. दाढीचं एक पातं ते तीन महिने पुरवायचे. दाढी झाली की पातं कोरडं पुसायचं, काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला दाबून दहा वेळा घासायचं आणि तेलाचं बोट लावून ठेवायचं. "पात्याला दाढी खात नाही, पाणी खातं," असं सगळ्यांना ऐकवायचे.

ते जाऊन वर्ष झालं. पेला आणि पातं बाथरूमच्या फळीवर तसंच होतं. मी दाढी ठेवतो, त्यामुळे मला त्याचं काम नव्हतं.

"बरं झालं, तूही पातं घासायला लागलास," परवा चहा पिताना आई म्हणाली. तिची नजर अधू झालीय, पण कान तिखट आहेत.

काल सकाळी सहाला मीही तो आवाज ऐकला. काचेवरून पातं सावकाश फिरत होतं. दहा वेळा. मी दार ढकललं. आत कुणी नव्हतं, फरशी कोरडी होती. पात्यावर मात्र ताजं तेल होतं.

मी पातं कागदात गुंडाळलं आणि लांबच्या कचराकुंडीत टाकून आलो.

आज आवाज आला नाही. माझा जीव भांड्यात पडला. चहा घेऊन आईच्या खोलीत गेलो, तर ती पलंगावर बसून गाल चोळत होती. गाल लाल झाला होता, काहीतरी खरखरीत घासल्यासारखा.

"पातं कुठे ठेवलंस रे?" ती म्हणाली. "हे आज दाढी न करताच आले."