पायाळू सून

माझ्या सगुणेला बघायला खाडीपलीकडून, भाट्याहून, काशीरामची आई आली. मुलगी पसंत पडली. मग तिने विचारलं, "पायाळू आहे म्हणतात, खरं?"

"खरं. जन्मताना आधी पाय बाहेर आले तिचे. मी कशाला लपवू?"

"पायाळूवर वीज पडते हो. असली सून मला नको," म्हणत बाई उठली. पडवीत वहाणा घालायला वाकली आणि तिच्या कमरेत उसण भरली. सरळच होता येईना.

जरा वेळाने बारीक आवाजात म्हणाली, "पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते. मुलीला हाक मारता का? अशी वाकडी मी होडीत कशी चढू?"

मी सुपारी कातरत होते. म्हटलं, "परक्या बाईला माझी मुलगी पाय लावणार नाही. सासूला लावील."

बाई मग जमिनीकडे बघतच म्हणाली, "काशीरामला वैशाखात मुंबईहून बोलावते. आता सुनेला बोलवा, विहीणबाई."

सगळ्यांच्या सुना लग्नात सासूपुढे वाकतात. माझ्या सगुणेची सासू लग्नाआधीच वाकली.