पट्ट्याचं माप

चामड्याच्या दुकानात मावशी आल्या. मुलासाठी स्वतःच्या हाताने पट्टा करायचा होता. दुकानवालीने कमरेचं माप विचारलं.

"माप कुठून आणू? तो परगावी. पण निघताना मिठी मारतेच ना मी. मेला एवढा ताडमाड, माझे हात त्याच्या कमरेलाच पोचतात."

मावशींनी डोळे मिटले, हवेतच हातांचा गोल केला. "एवढा. घे मोजून."

टेप आतून फिरवायची, म्हणून दुकानवाली वाकून त्या गोलात शिरली. मावशी मिटल्या डोळ्यांनी हसल्या. "सावकाश गं, बाळा."

आई गेल्यापासून तिला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं. आकडा केव्हाच दिसला होता.

"हलू नका मावशी," ती म्हणाली, "माप अजून नीट येत नाहीये."