मुकं मशीन

चट्.

"आजून एक गेली," सोपानआबा खुशीत म्हणाले आणि त्यांनी सुनेकडे पाहिलं. स्नेहल टेबल पुसत राहिली.

कार्ल्याला लेण्यांच्या पायथ्याशी त्यांची खाणावळ. मागेच गोठा, त्यामुळे माश्यांचं ते माहेरच. समोरासमोरच्या भिंतींवर माश्या मारायची दोन मशीनं लावलेली होती. एक आबांचं, लोणावळ्याच्या बाजारातून घासाघीस करून आणलेलं. माशी तारेला लागली की ठिणगी उडायची आणि आवाज यायचा. दुसरं स्नेहलचं, त्याच्या चौपट किमतीचं. जाड स्टीलचं, आत चिकट कागद. निळ्या उजेडाला भुलून माशी आत शिरायची आणि गुपचूप चिकटायची.

"आबा, हे वर्षानुवर्षं टिकंल. कागद तेवढा बदलायचा," तिनं समजावून पाहिलं होतं.

"कागदालाच चिकटवायच्या तर गूळ लावायचा की. आवाज न्हाई म्हंजी काम न्हाई. आन् हितं एवढ्या माश्या हायेत कुटं? उगाच खर्च."

एकीकडे मेलेल्या माश्यांचा आनंद मानायचा आणि दुसरीकडे माश्याच नाहीत म्हणायचं, हे फक्त आबांनाच जमायचं. आठवडाभर येताजाता त्यांचं हेच चाललं होतं. स्नेहलला ते लागायचं. कान्हे गावाजवळच्या कंपनीतली नोकरी सोडून तिनं ही खाणावळ काढली होती आणि शेवटच्या पगारातून ते मशीन घेतलं होतं.

आज प्रेरणाताई जेवायला येणार होत्या. पुण्याहून सहलीच्या बसगाड्या आणायचं त्यांचं काम. त्यांना जेवण पटलं तर दर शनिवार-रविवारी बस इथंच थांबणार. नाही पटलं तर खाणावळ बंद करून पुन्हा कंपनीची पाळी, हे स्नेहलनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक जोडपं पिठलं-भाकरी खात होतं.

चट्.

बाईंनी वर पाहिलं. आबा कौतुकानं हसले.

चट्. बाईंनी ताटावर हात धरला. चट्. काहीतरी काळं खाली पडलं, टेबलाच्या कडेला. नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. अर्धी भाकरी तशीच टाकून दोघं उठले, पैसे दिले आणि निघून गेले.

आबा त्या अर्ध्या भाकरीकडे बघत राहिले. इतके दिवस ते मशीनकडे बघत होते, जेवणाऱ्याच्या ताटाकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. उठून ते स्नेहलच्या मशीनजवळ गेले आणि चवड्यांवर उभं राहून आत डोकावले. कागद माश्यांनी काळाकुट्ट झाला होता.

बाहेर गाडी थांबली.

आबांनी झटकन आपल्या मशीनची पिन काढली. "लाईटचं बिल लय येतंय," कुणी विचारलं नसताना ते म्हणाले आणि मशीन भिंतीवरून काढून गोठ्यात ठेवून आले.

प्रेरणाताई जेवायला बसल्या. स्नेहल वाढत होती, पण तिचं सगळं लक्ष ताईंच्या हाताकडे होतं. आबांचंही. खाणावळीत फक्त वाटी-ताटाचा आवाज येत होता. ताईंनी पिठलं दुसऱ्यांदा घेतलं. मग इंद्रायणीचा भात घेतला, वर तूप मागून घेतलं.

"शनिवारी पहिली बस आणते," हात धुऊन त्या म्हणाल्या. स्नेहलचे डोळे भरून आले. ते लपवायला ती वाकून टेबल पुसू लागली.

निघताना ताई दारात थांबल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या निळ्या उजेडाकडे बोट दाखवलं. "आबा, रागावू नका, पण तुमच्याकडे एकसुद्धा माशी दिसली नाही मला. मग एवढं महागाचं मशीन कशाला घेतलंत? उगाच खर्च."

स्नेहलनं आबांकडे पाहिलं.

"व्हय ना ताई," सुनेकडे बघत आबा ऐटीत म्हणाले, "आठवडाभर मी बी तेच सांगतोय. पन आमची सून ऐकती कुटं!"