तांदळातला भ

संकष्टीचं अथर्वशीर्ष पुटपुटत वाईच्या क्षमाताई लेकीच्या, भार्गवीच्या, व्हिसाची फाईल लावत होत्या. लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून फोटो जोडायचे होते. अर्जात ‘आधीचं लग्न’ या रकान्यापुढे जावयाने ‘नाही’ लिहिलं होतं. ताम्हनातल्या तांदळात त्याने अंगठीने लिहिलेल्या नावाच्या फोटोपाशी त्या थबकल्या. ‘भार्गवी’तला भ गिरवल्यासारखा दिसत होता. चष्मा पुसून पाहिलं, तर आधी म काढून त्यालाच गाठ मारलेली. मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात कॅनडाहून जावयाचाच फोन आला. “आई, सगळे फोटो जोडा, फक्त तांदळाचा नको. अक्षर वाईट आलंय.” “तिथल्या साहेबाला कुठे मराठी वाचता येतंय, अवधूतराव?” त्या सहज म्हणाल्या. तो घाईघाईने म्हणाला, “आई, मयूरीशी कागदोपत्री सगळं कधीच मिटलंय.” क्षमाताईंनी त्या ‘म’चा विषयही काढला नव्हता. सहीला वाकलेल्या भार्गवीच्या हातातलं पेन त्यांनी काढून घेतलं.